विजेची गाठ पक्की बांधू या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आवारात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. वक्ते आपल्याच सोसायटीचे सभासद असून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री व्यवसायाचे शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आधीच्या दोन व्याख्यानांत तुम्ही आरोग्य ऐकलं, अध्यात्म ऐकलं. आज माझ्यासारख्या माणसाला उभं केलंय म्हणजे विषय स्क्रू आणि तारेचाच असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. सचिव साहेबांनी मला विचारलं, "सर, विषय काय लिहू पत्रिकेत?" मी म्हटलं, "लिहा, तारेचा जोड." ते म्हणाले, "एवढासाच?" होय, एवढासाच. बोटाच्या पेराएवढा. पण याच पेराएवढ्या जागेत आपली घरं सुरक्षित राहतात किंवा जळतात.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, नोकरीवाले आले. सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमतकडची मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी गावात आली. त्याच सुमारास आपली सोसायटी उभी राहिली. तेव्हा एका घरात काय होतं, आठवून बघा. चार ट्यूबलाईट, तीन पंखे, एक टीव्ही, कुणाकडं फ्रीज आणि उन्हाळ्यात एक कूलर. आज त्याच भिंतीतल्या त्याच तारांवर एसी आहे, गिझर आहे, इंडक्शन शेगडी आहे, पाणी शुद्ध करायचं मशीन आहे आणि खाली पार्किंगमध्ये रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर आहे. तारा पंचवीस वर्षांच्या झाल्या. त्यांच्या टोकाचे स्क्रूही पंचवीस वर्षांचे झाले. आपण रंग तीनदा दिला. स्क्रू किती घरांत एकदा तरी आवळले गेले, ते ज्यानं त्यानं मनाशी सांगावं.

आता मूळ गोष्ट सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांची मुळं शेतात आहेत, म्हणून शेतातलंच उदाहरण घेऊ. दावं कितीही मजबूत असू द्या, गाठ सैल बांधली की बैल मोकळा. विजेचंही तसंच आहे. तार सहसा मधे बिघडत नाही. ती बिघडते टोकाला, जिथं आपण ती स्विचला, सॉकेटला, मीटरला, एमसीबीला जोडतो तिथं. बोअरमध्ये मोटार सोडताना शेतकरी केबलचा जॉइंट किती जपून करतो! तारा घासून स्वच्छ करतो, पिळतो, टेपचे थर चढवतो, दोनदा ओढून बघतो. कारण त्याला माहीत असतं, पाणी शिरलं तर मोटार गेली आणि ती वर काढायचा खर्च वेगळा. तोच माणूस घरी येऊन गिझरची पिन बसवतो तेव्हा दातानं तार सोलतो आणि म्हणतो, "बसली बघा, चालू आहे ना!"

"चालू आहे ना" हा आपल्याकडचा सगळ्यात धोकादायक शब्दप्रयोग आहे. सैल जोडसुद्धा चालूच असतो. गिझर पाणी तापवतो, एसी थंड करतो, कुणाला काही कळत नाही. मग होतं काय? थोडं गणित करू. पोरांनो, तुम्हाला हे दहावीला आहे.

दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर करंट घेतो. उष्णता निघते ती करंटचा वर्ग गुणिले रोध. जोड पक्का असला तर त्या जागेचा रोध नगण्य असतो, उष्णताही नगण्य. पण समजा स्क्रू सैल आहे, तार काळी पडली आहे आणि त्या जागी फक्त एक तृतीयांश ओहम रोध तयार झाला. पावणेनऊचा वर्ग धरा ७६. त्याचा तिसरा हिस्सा २५. म्हणजे त्या स्क्रूखाली २५ वॅट उष्णता निघते आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची इस्त्री किती वॅटची असते माहिती आहे? २५ वॅटची. जी शिसं पाण्यासारखं वितळवते, ती इस्त्री तुमच्या बाथरूमबाहेरच्या बोर्डात, प्लास्टिकच्या डबीत, रोज अर्धा तास चालू असते. आणि तारेवरचं साधं पीव्हीसी आवरण सतत सोसू शकतं फक्त ७० अंशांपर्यंतचं तापमान.

इथं ताई लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, आमच्याकडं एमसीबी आहे, मग काळजी कशाला?" चांगला प्रश्न आहे. एमसीबी पडते ती करंट जास्त झाल्यावर. सैल जोडात करंट वाढतच नाही, उलट किंचित कमी होतो. म्हणून एमसीबीला वाटतं सगळं ठीक आहे. ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो आणि आता आरसीसीबी म्हणतात, ती पडते करंट बाहेर गळल्यावर, म्हणजे अंगातून किंवा जमिनीत गेल्यावर. सैल जोडात काही गळत नाही. म्हणजे दोन पहारेकरी दारात उभे आहेत आणि चोर घरातच बसलेला आहे. ही दोन्ही उपकरणं हवीतच, त्यांनी जीव वाचतात. पण सैल स्क्रू त्यांना दिसत नाही. तो हातानंच आवळावा लागतो.

आणि हा रोग स्वतःच वाढत जातो. जोड तापला की धातू फुगतो, बंद केला की आकसतो. रोज फुगणं-आकसणं झालं की स्क्रू आणखी ढिला होतो. तापलेल्या तांब्यावर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. शेवटी बारीक ठिणग्या पडू लागतात, बोर्डातून चरचर आवाज येतो, जळका वास येतो. त्यात आपला हिंगोलीचा उन्हाळा! मे महिन्यात भिंतच तापलेली असते. नेमका तेव्हाच एसी आणि कूलर सगळ्यात जास्त चालतात.

जगातलं एक उदाहरण सांगतो, कारण तेही आपल्यासारख्याच फ्लॅटवाल्यांचं आहे. लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर नावाची २४ मजली इमारत होती. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली आणि ७२ माणसं गेली. आग इतकी पसरली ती बाहेरच्या भिंतींवर लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळं, हे खरं. पण सुरू झाली ती चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजमधल्या विद्युत दोषातून, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. चौकशीतल्या विद्युत तज्ज्ञानं बोट ठेवलं ते कॉम्प्रेसरजवळच्या तारेच्या एका दाबून बसवलेल्या, नीट न बसलेल्या जोडावर. आपल्या महाराष्ट्रातही ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्या आगीचं मूळही विजेच्या ठिणगीतच सांगितलं गेलं. घाबरवायला सांगत नाही. ठिणगी लहान असते, म्हणून आपण तिला लहान समजतो, एवढंच सांगतो.

आता जोड करायचा कसा? वायरमनकडून काम करून घेताना तुम्हाला समोर उभं राहून बघता यावं, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, तार सोलणं. टर्मिनलचं छिद्र जितकं खोल, तितकीच तार सोलायची. जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं आणि शेजारच्या तारेला टेकतं. कमी सोलली तर स्क्रू आवरणावरच बसतो. वरून घट्ट लागतो, पण आत तांब्याला धड टेकलेला नसतो. सोलायला सोलायचीच पकड वापरावी. ब्लेडनं किंवा दातानं सोललं की दोन-चार बारीक तारा तुटतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो.

दुसरी, तारेचे पदर. आपल्या घरातली तार अनेक बारीक पदरांची असते. सगळे पदर पिळून एकत्र छिद्रात गेले पाहिजेत. छिद्र लहान आहे म्हणून चार पदर कापून टाकायचे, हा मोठा गुन्हा आहे. अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यायची आणि टोकाला तिची दीड करायची, मग पैसे कशाचे दिले? छिद्र मोठं आणि तार बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करावं, म्हणजे स्क्रूला पकड मिळते. आणखी चांगलं म्हणजे टोकाला लग दाबून बसवावा. बाजारात त्याला थिंबल म्हणतात, फार महाग नसतो. जुने कारागीर टोकाला सोल्डरचा मुलामा देतात. दिसायला तो छान दिसतो, पण शिशाचा थर स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो आणि जोड सहा महिन्यांत ढिला होतो. दाबायच्या स्क्रूखाली सोल्डर नको.

तिसरी, स्क्रूला वेढा घालायचा असेल तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते. उलटा घातला तर आवळता आवळता बाहेर येते.

चौथी, एका टर्मिनलमध्ये गर्दी नको. मुख्य स्विचच्या एका छिद्रात तीन-तीन तारा कोंबलेल्या मी याच गावात कितीतरी ठिकाणी बघितल्यात. जाड तार स्क्रू पकडते, बारीक तार नुसती आत असते. तिथं बसबार किंवा कनेक्टर पट्टी लावावी.

पाचवी, आवळणं. पेचकस स्क्रूच्या खाचेच्या मापाचा हवा. आवळून झाल्यावर तार हलकेच ओढून बघावी. सरकली तर जोड झालाच नाही. फार जोर लावूनही स्क्रूचे आटे जातात. चांगल्या कंपनीच्या एमसीबीवर किंवा तिच्या सोबतच्या कागदावर किती जोर द्यायचा ते छापलेलं असतं.

सहावी, जोड कुठं करायचा? पाईपच्या आत कधीही नाही. भिंतीत गाडलेल्या नळीत तार अखंडच हवी. जोड उघडता येईल, बघता येईल अशा डबीत असावा. भारतीय मानक ब्यूरोचं घरगुती वायरिंगचं मानक आयएस ७३२ आहे, २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. त्याचा आणि राष्ट्रीय विद्युत संहितेचा या बाबतीतला सगळा सूर एकच आहे. जोड यांत्रिकदृष्ट्या मजबूत हवा, वीज कायम नीट वाहिली पाहिजे आणि तो तपासता आला पाहिजे. दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली की जोड झाला, असं नव्हे. टेप म्हणजे अंगावरचा सदरा. हाड मोडलं तर सदऱ्यानं जुळत नाही.

सातवी, तांबं आणि ॲल्युमिनियम. खांबावरून येणारी सर्व्हिस केबल बहुतेक ॲल्युमिनियमची असते, घरातली तार तांब्याची. काही जुन्या घरांत आतही ॲल्युमिनियम सापडतं. या दोघांना थेट एकत्र पिळू नये. ओल आली की दोन धातूंत बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय ॲल्युमिनियमवर वीज न वाहणारा थर लगेच चढतो आणि दाबाखाली तो धातू हळूहळू पसरतो, म्हणून स्क्रू ढिला पडतो. अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांची पाहणी झाली. तांब्याच्या घरांपेक्षा तिथल्या जोडांवर आगीचा धोका निर्माण होण्याची शक्यता ५५ पट, असं तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगानं सांगितलं. यावर उपाय सोपा आहे. दोन धातूंसाठी बनवलेला बायमेटल लग वापरायचा.

आता आपल्या मीटर खोलीकडं येतो. गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दुपारी एका विंगमधल्या चार घरांचे टीव्ही आणि फ्रीज एकदम गेले. कुणी म्हणालं वीज पडली, कुणी म्हणालं नजर लागली. झालं होतं एवढंच की मीटर खोलीतला सामाईक न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन जळाला होता. कोणाची चूक, ते आज काढायचं नाही. कारण समजून घ्या.

आपल्या इमारतीला थ्री फेज पुरवठा आहे. काही घरं एका फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. सगळ्यांचा परतीचा रस्ता मात्र एकच, तो न्यूट्रल. तो तुटला की वीज एका घरातून निघून दुसऱ्या घरातून परत जाऊ लागते आणि दोन घरं मिळून ४०० व्होल्ट वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. ज्या घरात गिझर चालू आहे तिथं कमी व्होल्ट आणि जिथं फक्त टीव्ही नि एक दिवा आहे तिथं ३५० च्या वर. म्हणजे कमी वीज वापरणाऱ्या, काटकसरी घराचंच नुकसान जास्त! दोन्ही घरांत कुणाचीही चूक नसते. म्हणून मी म्हणतो, सोसायटीत विजेचा जोड हा खाजगी मामला नाही. तुमचा फ्रीज माझ्या न्यूट्रलवर आणि माझा तुमच्या.

पाण्याच्या मोटारीचंही तसंच. स्टार्टरमधला एका फेजचा स्क्रू सैल झाला की मोटार दोन फेजवर घुरघुरते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि जळते. टँकर मागवायचा खर्च मग सगळ्यांनीच भरायचा.

काम कोणी करायचं? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम आहेत. त्याआधी २०१० चे होते आणि त्याआधी १९५६ चे नियम. सगळ्यांत एक गोष्ट कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच हे जसंच्या तसं बदलणं वेगळं. पण वायरिंग वाढवणं, बदलणं, दुरुस्त करणं हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं. एसीसाठी नवी लाईन ओढणं म्हणजे स्विच बदलणं नव्हे. आणि मीटरच्या सीलखालच्या टर्मिनलला हात लावायचा अधिकार फक्त महावितरणचा. तिथं तापल्यासारखं दिसलं तर १९१२ वर तक्रार नोंदवा, स्वतः उघडू नका.

इथं एक कडू गोष्ट बोलतो, रागावू नका. माझ्या हाताखालून शिकलेली कितीतरी पोरं आज या गावात वायरमनची कामं करतात. त्यांना नीट जोड करता येत नाही असं नाही. पण आपण त्यांना काय म्हणतो? "अरे दोन मिनिटांचं काम, एवढे कसले पैसे?" सोलायची पकड, थिंबल, कनेक्टर, ओढून बघणं, पुन्हा आवळणं, या सगळ्याला वेळ लागतो. आपण वेळेचे पैसे देत नाही आणि मग तो वेळ देत नाही. ज्या डॉक्टरनं घाईत टाके घालावेत असं आपल्याला वाटत नाही, तसंच वायरमनलाही म्हणा, "दादा, सावकाश कर, पण पक्कं कर." चहा द्या, मेन स्विच स्वतः बंद करून द्या आणि काम झाल्यावर बोर्ड बंद करण्याआधी एकदा बघू द्या म्हणा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

घरातल्या माणसांनी बघायच्या खुणा थोड्या आहेत. स्विच किंवा पिन हाताला गरम लागणं. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडणं. बोर्डातून चरचर. मासळीसारखा किंवा जळका वास. फ्रीज सुरू होताना दिवे मिणमिणणं. पिन सॉकेटमध्ये ढिली बसणं. यातलं एकही दिसलं तर ती लाईन बंद करा आणि माणूस बोलवा. "बघू दिवाळीनंतर" म्हणू नका. गिझर, इंडक्शन, स्कूटरचं चार्जर एक्स्टेंशन बोर्डावर कधीच नको. त्यांना १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं. चार्जर तर रात्रभर अखंड चालतो आणि तेव्हा आपण सगळे झोपलेले असतो. कूलरचं अंग लोखंडी, आत पाणी. त्याच्या अर्थिंगची तार तुटलेली नाही ना, हे दर वैशाखात बाहेर काढतानाच बघून घ्या. आणि पोरांनो, टेस्टर लागला म्हणजे सगळं कळलं असं नाही. टेस्टर फेज दाखवतो, सैल न्यूट्रल दाखवत नाही.

आता मागणं एकच. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की रौप्यमहोत्सवाच्या या वर्षात रोषणाईवर जो खर्च ठरला आहे त्यातला थोडा कमी करून मीटर खोलीची, मोटारीच्या स्टार्टरची आणि जिन्यातल्या लाईनीची एकदा परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी करावी. सगळे स्क्रू आवळावेत, जळके लग बदलावेत, जोडांचं तापमान मोजून वहीत लिहावं. मग दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी, म्हणजे एसी आणि कूलर सुरू व्हायच्या आधी, तेच पुन्हा करावं. वही पुढच्या सचिवाकडं जाईल, पण सवय सोसायटीकडं राहील. ज्या ज्येष्ठ मंडळींना घरचा बोर्ड उघडून बघून घ्यायचा आहे, त्यांच्याकडं मी स्वतः रविवारी येईन. मेन बंद करून बघू, गरज असेल तर कारागीर बोलवू. फी म्हणून काकूंच्या हातचा चहा चालेल.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या लग्नकार्याला धावलो, दवाखान्यात रात्री जागलो, पाण्यासाठी भांडलो आणि गणपतीत पुन्हा एकत्र आलो. माणसांची गाठ आपण चांगली बांधली. आता तारांचीही तेवढ्याच काळजीनं बांधू, म्हणजे सुवर्णमहोत्सवाला ही समोरची पोरं याच इमारतीत, याच जागेवर खुर्च्या मांडतील.